सर ओसवाल्डची फुली

मार्कबरीच्या वर्तमानपत्राने सर ओसवाल्ड पेनिथॉर्न यांचा मृत्युलेख दीड रकाना छापला. बाविसाव्या वर्षी बॅरोनेटची पदवी आणि चार हजार एकर वारशाने आले, तेहतीस वर्षं पार्लमेंटात बसले, हार्लस्टो गावाला शाळा दिली, बैलांच्या प्रदर्शनात तीनदा पहिलं बक्षीस मिळवलं. शेवटी एक वाक्य होतं: 'अखेरच्या काळात त्यांनी सार्वजनिक जीवनातून निवृत्ती पत्करली.' निवृत्ती म्हणे! असलं लिहिणाऱ्याला चाबकाने फोडलं पाहिजे. पण तो मजकूर मीच लिहून पाठवला होता.

मी रूबेन क्लीव्ह, त्यांच्या इस्टेटीचा कारभारी. कुळं, कुंपणं, पाण्याचे चर, गळकी छपरं, कोणाची गाय कोणाच्या वाटाण्यात शिरली, हे सगळं एकोणीस वर्षं माझ्या डोक्यावर होतं. मालक कसे होते म्हणाल तर तापट, हट्टी, आणि दिलेल्या शब्दासाठी जीव देणारे. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पुन्हा लग्न त्यांनी केलं नाही. पदवी आणि जमीन पुतण्याला जायची होती, आणि तो लंडनमध्ये बसून काकांच्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच आपुलकीने करायचा. मालक 'माझं गाव' म्हणायचे ते मिरवायला नव्हे. आपण 'माझा गुडघा' म्हणतो तसं म्हणायचे.

शाळेची गोष्ट मला जुन्या पाद्रीबाबांनी सांगितली होती. मालक तेव्हा पस्तिशीचे. एका कुळाच्या लग्नाला चर्चमध्ये गेले होते, तिथे लग्नाची नोंदवही चाळत बसले. पानामागून पान नवरा-नवरीच्या सह्यांच्या जागी नुसत्या फुल्या. ज्याला लिहिता येत नाही त्याने फुली मारायची आणि पाद्रीबाबांनी शेजारी 'अमक्याची निशाणी' असं लिहायचं, ही रीतच होती. मालकांचे कान लाल झाले. म्हणाले, "गुरांना निदान आपण डागतो. ही माणसं स्वतःच स्वतःला डागतायत."

दोन वर्षांत शाळा उभी राहिली. पोरं लिहायला शिकली आणि जे व्हायचं तेच झालं. पोरं बापांना चिडवू लागली. फुली मारणाऱ्याला हार्लस्टोत 'फुलीबहाद्दर' म्हणायचे. दारूच्या गुत्त्यात भांडण पेटवायचं असेल तर तेवढा एक शब्द पुरत असे.

एनोक टकवेल हा असाच एक फुलीबहाद्दर. मालकांचा गाडीवान. अडतीस वर्षं त्यांची बग्गी त्यानेच हाकली. तबेल्याला लागून त्याचं घर होतं, बायको वारली होती, आणि एकुलती एक मुलगी केझाया त्याच शाळेत शिकून तिथेच मास्तरीण झाली होती. बापाला स्वतःचं नाव येत नाही आणि लेक गावाला धडे देते, हे केझायाला सोसवेना. तिने हिवाळ्यात मोठ्या माणसांचा संध्याकाळचा वर्ग काढला. मालकांनी कोळसा आणि मेणबत्त्या दिल्या. वर्गात सत्तावीस-अठ्ठावीस जण यायचे, सगळे मालकांचेच: माळी, मेंढपाळ, नांगरे, आणि सगळ्यांत पुढे, लहान मुलांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलेला एनोक.

दोन हिवाळे लागले त्याला. जीभ दातांत धरून लिहायचा. तबेल्याच्या दारावर खडूने, ओटच्या पिठात बोटाने, बग्गीच्या धुळीत, जिथे बघावं तिथे एनोक टकवेल.

"घोड्यांना दाखवतोस की काय रे?" मी एकदा विचारलं.

"दाखवतो ना, कारभारीसाहेब. तपकिरी घोडीला आवडतं. ती चाटून टाकते."

अठराशे पंच्याऐंशी सालच्या निवडणुकीत नव्या कायद्याने एनोकसारख्यांना पहिल्यांदा मत मिळालं. आमच्या मतदारसंघात मालकांसमोर विडकम उभा राहिला. जोडे शिवायच्या कारखान्याचा मालक, पिवळ्या फितीचा पक्ष. त्याची माणसं मजुरांना सांगत फिरत होती, आमचं राज्य आलं की प्रत्येकाला तीन एकर आणि एक गाय.

तबेल्यात त्यावर रोज थट्टा चालायची. एनोक म्हणायचा, "तीन एकरात मी काय पेरू, लगाम? आणि गाय विडकमच्या कारखान्यातलीच असणार. पायांत जोडे घालून येईल."

हसत होते सगळे, पण मला झोप नव्हती. मी कागदावर हिशोब मांडून बसलो होतो आणि लढत काट्याची होती. विडकमचे लोक घरोघर नमुन्याच्या मतपत्रिका घेऊन जात होते. नावासमोर फुली कशी मारायची, कुठे मारायची, दुसरं काही लिहायचं नाही, हे पोपटासारखं पढवून घेत होते. मीही तसे नमुने छापून घेतले आणि मालकांच्या अभ्यासिकेत घेऊन गेलो.

मालकांनी एक उचलून बघितला आणि टेबलावर टाकला.

"हे काय आहे?"

"मजुरांना शिकवायला, सर. पहिलीच वेळ आहे त्यांची. फुली नीट मारली नाही तर मत बाद होतं."

"फुली," मालक म्हणाले. "तीस वर्षं मी ज्यांच्या हातातून ही फुली काढली, त्यांना मी ती परत शिकवू? क्लीव्ह, ही माझी माणसं आहेत. मेंढरं असतील तर विडकमची. जाळून टाका हे सगळं."

"पण सर..."

"जाळा म्हटलं ना."

मी जाळले. सांगितलेलं काम मी नेहमीच चोख करतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेच्या अंगणात मालकांनी भाषण केलं. थंडी होती, मालकांच्या पक्षाच्या निळ्या फिती लावलेली माणसं तोंडातून वाफा सोडत उभी होती. मालक वक्ते नव्हते, पण त्या दिवशी ते मनापासून बोलले.

"हा गुप्त मतदानाचा, पेटीतला चोरटा कारभार आला तेव्हा पार्लमेंटात मी विरोधात बोललो होतो. आजही बोलतो. मर्द माणूस आपलं मत पोटात ठेवत नाही. पूर्वी आपण भर चौकात उभं राहून सांगायचो, मी अमक्याचा. आता पडद्याआड जायचं म्हणे. जा. कायदा आहे, पाळा. पण एक ध्यानात ठेवा. तुमच्या बापांना फुलीपलीकडे काही येत नव्हतं. तुम्हांला येतं. तुमचं नाव तुमचं आहे. ते लपवू नका!"

टोप्या उडाल्या. म्हातारा मेंढपाळ रडत होता. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

त्याच दिवशी थोड्या वेळाने एनोक मला तबेल्याच्या अंगणात भेटला. उद्या दूरच्या कुळांना आणायला नऊ गाड्या लागणार होत्या, एक घोडा लंगडत होता, लोहाराचा पत्ता नव्हता. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एनोक टोपी हातात घेऊन उभा.

"कारभारीसाहेब, एक विचारायचं होतं."

"लवकर बोल."

"त्या कागदावर मालकांच्या नावापुढे... म्हणजे मालक म्हणाले नाव लपवू नका. आणि विडकमचा माणूस सांगत होता फुली मारा. आम्हां सगळ्यांचं बोलणं झालं. फुली मारली तर आम्ही परत होतो तिथेच की. नाव लिहिलं तर चालतं ना?"

आणि मी काय बोललो? ते शब्द माझ्या कानांतून अजून जात नाहीत. "मालक सांगतात तसं करा, एनोक," मी म्हणालो. "आणि आधी त्या घोड्याचा पाय बघ."

त्याचं तोंड उजळलं. "तेच म्हटलं मी सगळ्यांना," तो म्हणाला, आणि घोड्याचा पाय बघायला गेला.

प्रश्न मला समजला नव्हता असं मी वर्षभर स्वतःला सांगत होतो. समजला होता. पण समजावून सांगायचं तर बसायला लागलं असतं, मग बाकीच्यांना बोलवा, मग मालकांच्या कानावर जाईल, मग मालकांचा राग. तेवढा वेळ मला नव्हता.

मतदान त्याच शाळेत झालं. त्याच बाकांना मधे फळ्या लावून कप्पे केले होते. वर्गातल्या माणसांनी ज्या बाकावर बसून दोन हिवाळे नाव गिरवलं, त्याच बाकावर त्यांच्यापुढे कागद आला आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. भिंतीवर सूचना लावल्या होत्या. वाचणार कोण? त्यांना नाव आणि गिरवून घेतलेले चार शब्द तेवढे येत होते.

दुसऱ्या दिवशी मार्कबरीच्या नगरभवनात मोजणी झाली. मी मालकांच्या बाजूने बसलो होतो. मोजणीला बसणाऱ्याने आधी गुप्ततेची शपथ घ्यायची असते: कोणी कोणाला मत दिलं हे दिसलं तरी जन्मात सांगणार नाही. शपथ मॅजिस्ट्रेटसमोर घ्यायची. आमच्या भागाचे मॅजिस्ट्रेट सर ओसवाल्डच. त्यांच्याच अभ्यासिकेत, त्यांच्याच समोर मी ती घेतली होती.

पेट्या उपड्या केल्या, कागद उलगडायला लागले. पहिल्या अर्ध्या तासातच निवडणूक अधिकाऱ्याने एक कागद बाजूला धरला. मालकांच्या नावापुढे मोठ्या, वाकड्या, एकेक अक्षर कोरून काढलेल्या हाताने लिहिलं होतं: एनोक टकवेल. शेवटच्या अक्षराखाली पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता.

"मतदाराची ओळख पटते," अधिकारी म्हणाला. "बाद."

मी उभा राहिलो. "अहो, मत कोणाला आहे ते स्पष्ट दिसतंय!"

"दिसतंय, मिस्टर क्लीव्ह. ते कोणाचं आहे हेही दिसतंय. म्हणूनच बाद. कायदा मी केलेला नाही."

मग एकामागून एक ते येत गेले. माळ्याचं नाव. दोघा नांगऱ्या भावांची नावं, एकाच वळणाची. मेंढपाळाने नाव लिहून खाली 'आपला आज्ञाधारक सेवक' असंही लिहिलं होतं, केझायाने पत्राच्या धड्यात शिकवलं होतं तसं. सत्तावीस. समोर बसलेला विडकमचा माणूस सुरुवातीला हसला, दहाव्या नावानंतर हसायचा थांबला, आणि शेवटी शेवटी तर माझ्याकडे बघेचना.

आम्ही अकरा मतांनी हरलो.

माझं मत मोजलं गेलं. मी नियमाप्रमाणे फुली मारली होती.

मालकांना निकाल मीच सांगितला. त्यांनी आकडा ऐकला, मान हलवली आणि बादची मतं किती तेवढं विचारलं. एकतीस म्हणालो. तो आकडा जाहीरच होता. त्यानंतर तीन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी इस्टेटीवरच्या माणसांना एकेक करून अभ्यासिकेत बोलावलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: मत कोणाला दिलंस? प्रत्येकाने एकच उत्तर दिलं: तुम्हांला, मालक, नाव लिहून.

सर्वांत शेवटी मला बोलावलं. शेकोटी विझत आली होती आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"सगळे एकच बोलतात, क्लीव्ह. शब्दाला शब्द. पढवलेलं असतं तेव्हा माणसं असं बोलतात." ते थांबले. "किंवा खरं असतं तेव्हा."

मी शेकोटीतली राख उकरली.

"एकतीस कागद बाद झाले. ते बाद कशाने झाले हे तुम्ही बघितलंय."

"सर, मी शपथ घेतलीय. तुमच्याचसमोर."

"ठाऊक आहे. तुमची शपथ मोडायला सांगणार नाही मी. तुम्ही मोडली तर मीच तुम्हांला आत टाकीन." ते उठले, खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. बाहेर, खाली, हार्लस्टोची धुराडी दिसत होती. "तेहतीस वर्षं मला वाटत आलं की ही माणसं माझी आहेत. तसं नसेल तर माझ्या आयुष्यात काही झालंच नाही. सीट गेली तर गेली, तिचं मला काही नाही. मला एकच माणूस पुरे आहे, क्लीव्ह. मी पाठ फिरवलीय. तुम्ही आता इथून जा. एनोकचं नाव त्या कागदांत बघितलं असेल, तर जाताना दार उघडं टाका. नसेल तर लावून घ्या. तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही विचारलं नाही."

त्या माणसाने आयुष्यात कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. त्याची मान मला मागून दिसत होती. कॉलर सैल झाली होती.

दारापर्यंत दहा पावलं असतील. त्या दहा पावलांत मला सगळं दिसलं. दार उघडं टाकलं की पुढचा प्रश्न येणार, नावं लिहायला सांगितलं कोणी? मग त्यांचं स्वतःचं भाषण त्यांच्याच अंगावर येणार. आपल्या शाळेनेच आपल्याला पाडलं हे त्यांना कळणार. हे मी त्यांच्यासाठी म्हणून मनात आणलं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं. एनोक बोलला असता, मी कारभारीसाहेबांना विचारलं होतं. एकोणीस वर्षांची नोकरी, घर, बायकोचं आजारपण. आणि शपथ तर होतीच. पवित्र, कायदेशीर, लपायला ऐसपैस.

मी दार लावून घेतलं.

आतून काहीच आवाज आला नाही. मी थोडा वेळ बाहेर थांबलो होतो, म्हणून सांगतो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण मालकांचा पीळही त्या दिवशी जळला. मार्चअखेर सगळ्यांना काम आणि घर सोडायच्या नोटिसा गेल्या. शाळेला टाळं लागलं. हॉलच्या, म्हणजे मालकांच्या वाड्याच्या, गावाकडच्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांवर पडदे ओढले गेले, आणि मालक मागच्या दोन खोल्यांत राहू लागले. चर्चला जाणं बंद केलं, कारण रस्ता गावातून होता. बग्गी विकली, घोडे विकले. तपकिरी घोडी एका खाटकाच्या गाडीला जुंपलेली मी नंतर मार्कबरीत बघितली.

एनोकला मालकांनी स्वतः सांगितलं, एवढा मान त्यांनी त्याला दिला. मी तिथे होतो.

"अडतीस वर्षं तू माझ्यापुढे बसलास, एनोक," मालक म्हणाले. "पाठ माझ्याकडे करून. पाठीवर काही लिहिलेलं असतं तर मी वाचलं असतं."

"मालक, देवाशपथ, मी नाव लिहिलं. सुंदर लिहिलं." तो माझ्याकडे वळला. "कारभारीसाहेब, तुम्ही होता ना मोजणीला? तुम्ही सांगा की!"

"मला बोलता येत नाही, एनोक," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. रागाने नाही. कळत नसलं की घोडा बघतो तसा.

केझायाला शाळा नाही म्हटल्यावर दुसरीकडे मास्तरकी मिळेना. हार्लस्टोची शिफारस कोण देणार? ती बर्मिंगहॅमला एका घरी कामाला लागली. तिथे तिलाच राहायला जेमतेम एक कोपरा, बाप कुठे ठेवणार? एकसष्ट वर्षांच्या गाडीवानाला, तेही सर ओसवाल्डनी काढलेल्या, कोणी दारात उभं करेना. पुढल्या हिवाळ्याच्या तोंडाला एनोक मार्कबरीच्या वर्कहाऊसमध्ये गेला. तिथे निराधार म्हातारे जुने दोर पिंजत बसतात आणि पातळ लापशी खातात.

मतपत्रिका लंडनला सीलबंद ठेवतात आणि वर्ष झालं की नष्ट करतात. त्याची तारीख मी मनात धरून होतो. आता कोणाला पुरावा मिळणार नाही, आता माझ्या बोलण्याने काही बिघडणार नाही, आता बोलू, असं रोज म्हणत दोन महिने गेले. फेब्रुवारीत मालकांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, कळतं, पण फार दिवस नाहीत.

मग मात्र मी बोललो. पलंगाशी गुडघ्यांवर बसून सगळं सांगितलं. सत्तावीस नावं एकेक करून म्हणून दाखवली, मला पाठ होती. मेंढपाळाचं 'आज्ञाधारक सेवक' सांगितलं. फाटलेला कागद सांगितला. तबेल्यातलं माझं उत्तर सांगितलं, आणि दार.

त्यांचा डावा डोळा वाहत होता. उजवा नुसता उघडा होता. कितीतरी वेळ ते माझ्याकडे बघत होते, आणि मग त्यांनी नजर काढून घेतली, ती पुन्हा माझ्याकडे आणली नाही. डाव्या हाताने त्यांनी हवेत लिहिल्याची खूण केली.

मी कागद आणला. "एनोकला परत बोलवायचं?" विचारलं. पापणी मिटली. मी लिहिलं: 'एनोक, माझ्याकडून तुझ्यावर अन्याय झाला. मला आता सगळं कळलं आहे. घरी ये.' वाचून दाखवलं. पुन्हा पापणी. मग मी लेखणी त्यांच्या डाव्या हातात दिली आणि फळी धरली. त्यांनी नावाचं पहिलं अक्षर काढायचा प्रयत्न केला. हात घसरला, शाईचा ओघळ झाला. दुसरा कागद घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी थोडा वेळ लेखणी कागदावर नुसती टेकवून ठेवली, आणि मग दोन तिरप्या रेघा मारल्या, एकीवर एक.

मी शेजारी लिहिलं: 'सर ओसवाल्ड पेनिथॉर्न यांची निशाणी'. तशी रीत आहे.

तो कागद घेऊन मी त्याच सकाळी मार्कबरीला गेलो. एनोक दोर पिंजायच्या खोलीत बसला होता. बोटं सोलवटलेली, केस कापलेले. माझ्याकडे बघून उठला, कारण कारभारी आला की उठायचं ही त्याची सवय.

"एनोक, मालकांनी बोलावलंय. गाडी आणलीय मी. चल."

"कोणी बोलावलंय?"

मी कागद दिला. त्याने तो उजेडाला धरला. मजकूर त्याला वाचता येत नव्हता, मी वाचून दाखवला. त्याचं लक्ष सगळं खालच्या कोपऱ्याकडे होतं.

"ही काय आहे?"

"त्यांची खूण आहे, एनोक. त्यांना झटका आलाय. उजवा हात चालत नाही. माझ्यादेखत केलीय, शपथेवर सांगतो."

"शपथेवर," एनोक म्हणाला. मोठ्याने नाही. "कारभारीसाहेब, तुम्ही माझं नाव डोळ्यांनी बघितलं होतं ना?"

"बघितलं होतं."

"कसं आलं होतं?"

"फार सुंदर आलं होतं."

"वाटलंच मला." त्याने फुलीवर बोट ठेवलं. "तेव्हा तुम्ही बघितलेलं बोलला नाहीत. आता तुम्ही बोलता ते मी कसं धरू? बोलू नये, पण तुमची बायको देवभोळी आहे, तिला माझी दया आली असेल. म्हाताऱ्याला चार दिवस सुखात ठेवू म्हणून तुम्ही दोघांनी हे केलं असणार. उपकार आहेत. पण मालकांचं नाव घेऊन नको."

"एनोक, ऐक माझं. ते मरायला टेकलेत. तू आलास तर..."

"मला घरी यायचं नाही का वाटतं तुम्हांला?" आता मात्र त्याचा आवाज फुटला. "रोज उठलो की आधी खुरांचा आवाज ऐकतो मी. पण मालकांना मी ओळखतो. त्यांच्यापुढे बसून अडतीस वर्षं काढलीत. डावा हात असो, तोंडात लेखणी धरायची असो, ते नाव लिहितील. मालक फुली मारणार नाहीत. तिच्यापायी तर एवढं सगळं झालं."

त्याने कागदाची काळजीपूर्वक घडी केली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे मालकांना दाखवा," तो म्हणाला. "म्हणावं, तुमच्या नावावर कोणीतरी फुल्या मारतंय. त्यांना कळायला हवं."

मग तो खाली बसला आणि त्याने दोर हातात घेतला. मी बराच वेळ उभा होतो, पण त्याने मान वर केली नाही. शेवटी वॉर्डन येऊन म्हणाला की भेटीची वेळ संपली. मी रिकामी गाडी घेऊन परत आलो. हार्लस्टोच्या वळणावरून हॉल दिसतो. वरचं निशाण अर्ध्यावर उतरवलेलं होतं.